इंग्रजी वाक्य कुठे संपतं?

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्रजीत अर्ज, ईमेल किंवा अहवाल लिहायची वेळ आली की बहुतेकांना धास्ती वाटते ती स्पेलिंगची. पण स्पेलिंग आता संगणकच तपासून देतो. वाचणारा अडखळतो तो वाक्याच्या बांधणीपाशी, आणि तिथल्या चुका बहुतांशी ठरलेल्या असतात. कर्ता आणि क्रियापद यांवर बोट ठेवता आलं, तर त्यांतल्या बऱ्याचशा तुमच्या तुम्हालाच सापडतील.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक आधी घेते. वाक्य ऐका, विरामचिन्हंही उच्चारून सांगते. 'द रिपोर्ट इज रेडी, स्वल्पविराम, आय विल सेंड इट टुडे, पूर्णविराम.' कानाला काहीच खटकत नाही, म्हणूनच ही चूक नजरेतून सुटते. 'द रिपोर्ट इज रेडी' हे पूर्ण वाक्य आहे आणि 'आय विल सेंड इट टुडे' हेही पूर्ण आहे. अशी दोन वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडली, की त्याला कॉमा स्प्लाइस म्हणतात. तो स्वल्पविरामही गाळला तर रन-ऑन.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, तेही ही चूक करतात. आपल्या बाबतीत मात्र आणखी एक कारण असावं असं मला वाटतं. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं. 'अहवाल तयार आहे' म्हटलं, की त्या 'आहे'पाशी वाक्य संपल्याचं कळतं. इंग्रजीत क्रियापद कर्त्यापाठोपाठ येऊन जातं, पुढे वाक्य कितीही लांबू शकतं. ते कुठे थांबलं हे दाखवायचं काम विरामचिन्हाला करावं लागतं.

दुरुस्ती सोपी आहे. स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम द्या. किंवा स्वल्पविराम ठेवून त्यापुढे 'सो', 'बट', 'अँड' यांतला योग्य शब्द घाला. दोन वाक्यांचा संबंध अगदी जवळचा असेल तर अर्धविरामही चालतो. शंका असेल तेव्हा पूर्णविरामच द्यावा, असं मी आग्रहानं सांगेन. 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' यांच्यापासून मात्र सावध राहा. ते 'बट' आणि 'सो'सारखे भासतात, पण ती क्रियाविशेषणं आहेत. दोन वाक्यं जोडण्याचं बळ त्यांच्यात नाही. दोन वाक्यांच्या मध्ये ते आले, तर त्यांच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवाच.

याच्या उलट चूक म्हणजे अर्धवट वाक्य. 'बिकॉज द ट्रेन वॉज लेट', आणि लगेच पूर्णविराम. यात कर्ता आहे, क्रियापदही आहे, तरी वाक्य पुरं होत नाही, कारण 'बिकॉज'नं त्याला दुसऱ्या वाक्यावर अवलंबून ठेवलंय. ते आधीच्या किंवा नंतरच्या वाक्याला जोडून टाका.

जोडताना आपली एक सवय आड येते. मराठीत 'जरी' आलं की 'तरी' येतंच. त्या ओघात आपण लिहितो, 'ऑलदो ही वॉज टायर्ड, बट ही फिनिश्ड द वर्क.' इंग्रजीला तिथे एकच जोडशब्द पुरतो. 'ऑलदो' ठेवा किंवा 'बट', दोन्ही नकोत.

पुढची चूक कर्ता आणि क्रियापद यांच्या वचनाची. 'द लिस्ट ऑफ नेम्स आर रेडी' यात 'नेम्स' जवळ आहे म्हणून 'आर' लिहिलं जातं. तयार काय आहे? लिस्ट. म्हणून 'इज'.

आता जरा फसवा प्रकार. 'आफ्टर रीडिंग द लेटर, द डिसिजन वॉज चेंज्ड.' पत्र वाचलं कुणी? वाक्याच्या रचनेप्रमाणे निर्णयानं! याला डँगलिंग मॉडिफायर म्हणतात. स्वल्पविरामानंतर लगेच वाचणारी व्यक्ती आणा. 'आफ्टर रीडिंग द लेटर, शी चेंज्ड द डिसिजन.'

लिहून झालं की मजकूर शेवटच्या वाक्यापासून उलटा, एकेक वाक्य सुटं करून वाचा. अर्थाचा ओघ तुटतो, त्यामुळे अर्धवट वाक्य लगेच उघडं पडतं. प्रत्येक वाक्यात मुख्य क्रियापदाखाली रेघ मारा आणि त्याचा कर्ता शोधा. कर्ता-क्रियापदाच्या दोन जोड्या सापडल्या, तर त्यांच्यामध्ये काय आहे ते पाहा. नुसता स्वल्पविराम असेल, आणि 'बिकॉज' किंवा 'ऑलदो'सारखा जोडशब्द कुठेच नसेल, तर दुरुस्ती तिथेच करायची आहे.

नमस्कार.