आधी ॲम्ब्युलन्स, मग विद्यार्थी

(कृष्णधवल चित्रफीत: डोंगरातला चिखलवाटेचा चढ)

ही फोर्डची मॉडेल टी. मागं लाकडी खोका ठोकलाय, त्यात तीन स्ट्रेचर बसतात. पहिल्या महायुद्धातला फ्रान्स, व्होजचे डोंगर. या उंचीवरून जखमी सैनिक खेचरांवर बांधून खाली आणावे लागत. जड मोटारींना न जमलेला चढ ही हलकी गाडी चढली.

चाकामागचा पोरगा बघा. मिसरूड नुकतंच फुटलंय. 1915 साली अमेरिका युद्धात उतरलेलीच नव्हती, तरी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनमधली अशी मुलं आपणहून इथं आली. त्यांना उभं केलं ए. पायट अँड्र्यू यांनी; ते स्वतः हार्वर्डमध्ये अर्थशास्त्र शिकवलेले. संघटनेचं नाव पुढं पडलं अमेरिकन फील्ड सर्व्हिस, एएफएस. ही मुलं फ्रेंच सैनिकांच्या पंगतीत जेवली, त्यांच्याच तळघरांत झोपली. फ्रान्स त्यांना असा कळला, आणि एएफएसच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ मला तिथंच दिसतं.

युद्धानंतर संघटनेनं अमेरिकन विद्यार्थ्यांना फ्रेंच विद्यापीठांत शिकायला शिष्यवृत्त्या दिल्या. मग दुसरं महायुद्ध आलं आणि गाड्या पुन्हा निघाल्या: उत्तर आफ्रिका, इटली, आपल्या ईशान्येला लागून असलेली ब्रह्मदेशाची आघाडी.

(छायाचित्रं: बेर्गेन-बेल्सेन, 1945)

या छळछावणीतून सुटका झालेल्यांना बाहेर नेणाऱ्यांत एएफएसचे चालकही होते.

(क्षणभर निवेदन नाही)

घरी परतलेल्या चालकांनी 1946 मध्ये ठरवलं, आता शाळकरी मुलांची देवाणघेवाण करायची. पुढाकार स्टीफन गलाटी यांचा, पहिल्या युद्धापासूनचा हा माणूस. निवडलेलं वय फार शहाणपणाचं होतं. सोळा-सतराचं पोर दुसऱ्याच्या घरात अजून मुरू शकतं. थोरांची मतं तोवर घट्ट झालेली असतात.

1947 मध्ये दहा देशांतली 52 मुलं अमेरिकेत आली. काही वर्षांतच जर्मनी आणि जपानमधूनही येऊ लागली, म्हणजे कालच्या शत्रूंची मुलं.

(अमेरिकन घराचं स्वयंपाकघर)

हा प्रसंग नीट बघा. मुलगी ताटल्या पुसतेय, शेजारी यजमान बाई. तिला या घरात पाहुणी म्हणून ठेवलेलं नाही. उशिरा आली तर बोलणी बसतात, रविवारी अंगणातलं गवत कापायची पाळी येते. मुलाला ठेवून घेण्याचे घरमालकाला पैसे मिळत नाहीत. आठवडाभराच्या सहलीत वाड्या-वास्तू दिसतील, नाचगाणी दिसतील. लोक रुसतात कसे, आजारपणात एकमेकांचं काय करतात, हे वर्षभर एका छपराखाली राहिल्यावरच कळतं. आपल्या गावांतून रोटरीमार्फत परदेशी जाणारी मुलंही अशीच घराघरांत राहतात, आणि तिकडची मुलं आपल्याकडे.

(बसमधून हात हलवणारी मुलं, मग व्हाइट हाउसची हिरवळ)

वर्षाच्या शेवटी बसप्रवास, वॉशिंग्टनपर्यंत. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष केनेडी या मुलांना हिरवळीवर भेटत. त्यानंतर मायदेशी परत.

अशीच एक फ्रेंच मुलगी 1973 साली मेरीलँडच्या शाळेत आली होती: क्रिस्तीन लगार्द, पुढं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या प्रमुख. बाकीची मुलं शिक्षक झाली, डॉक्टर झाली, आणि त्यांतल्या कित्येकांनी पुढं आपल्या घरात दुसऱ्या देशाचं पोर ठेवून घेतलं.