चिकापासून गोळीपर्यंत

(दृश्य: पहाट. जाळीखालचं अफूचं शेत. बोंडावरून सरकणारा हात.)

मंदसौर जिल्हा. मार्चची सुरुवात. नीट उजाडलेलंही नाही, पण अख्खं घर रानात उतरलंय. काल दुपारी या बोंडांना चिरा दिल्या. हत्यार बारीक पात्यांचं, आणि फराटा एकच, हलका. जोर जास्त झाला तर चीक बोंडाच्या आतच उतरतो. कमी झाला तर पाझरतच नाही. रात्री पांढरा असलेला चीक आता तपकिरी झालाय. ऊन चढायच्या आत तो खरवडायचा. एकेका बोंडाला असं तीन-चार वेळा.

वरची जाळी पोपटांसाठी आहे. त्यांना अफूची चटक लागते. इथं हे कुणी गंमत म्हणून सांगत नाही.

(दृश्य: तराजू, वही.)

रान जेमतेम दहा गुंठ्यांचं, तेही परवान्यावर. रोजचा चीक गावच्या लंबरदारासमोर, म्हणजे सरकारनं नेमलेल्या गावकऱ्यासमोर, तोलला जातो आणि वहीत चढतो. हंगाम संपला की सगळा माल सरकारच्या ताब्यात. हेक्टरी किती मॉर्फिन, म्हणजे अफूतलं वेदनाशामक द्रव्य, भरलं, त्यावर पुढच्या वर्षीचा परवाना. पाऊस अवकाळी आला, तरी हिशोब द्यावाच लागतो.

(दृश्य: कारखान्याचं फाटक. उन्हात पसरलेली अफू.)

माल जातो नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत. या काळ्या लगद्यातून मॉर्फिन निघतं, कोडीन निघतं आणि थेबेन निघतं. थेबेन हे नाव औषधाच्या पाकिटावर सापडणार नाही. ते स्वतः वेदना शमवत नाही. पण ऑक्सिकोडोन हे वेदनाशामक त्याच्यापासून होतं, ब्यूप्रेनॉर्फिनही. आणि ओपिऑइडचा, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांचा, डोस जास्त झाल्यावर श्वास परत आणणारं नॅलोक्सोनसुद्धा त्याच्यापासूनच. दुखणं थांबवणाऱ्या औषधाचं आणि त्या औषधावरच्या उताऱ्याचं मूळ एकच. अशा आधीच्या द्रव्याला प्रिकर्सर म्हणतात. कोडीनची गोष्ट आणखी वेगळी. झाडात ते कमी असतं आणि खोकल्याच्या, दुखण्याच्या औषधांना लागतं भरपूर. म्हणून बरंचसं कोडीन मॉर्फिनपासूनच तयार करतात.

(दृश्य: निळे ड्रम, सील.)

आता हे ड्रम. आत अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड. वास झोंबरा, व्हिनेगरसारखा. अ‍ॅस्पिरिनला लागतं, सिगारेटच्या फिल्टरच्या धाग्याला लागतं. आणि मॉर्फिनचं हेरॉइन करायलाही हेच लागतं. त्यामुळे 1988च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारापासून जगभर यावर नजर आहे. भारतात 1993 पासून हा नियंत्रित पदार्थ. विकणाऱ्याची नोंदणी, घेणाऱ्याची नोंदणी, दर तिमाहीला विवरण. निर्यात असेल तर ज्या देशात माल जाणार त्याला आधी कळवायचं. 2006 पासून व्हिएन्नातलं आंतरराष्ट्रीय अंमली पदार्थ नियंत्रण मंडळ यासाठी ऑनलाइन यंत्रणा चालवतं. ही कागदांची साखळी बरीचशी घट्ट आहे, हे मान्य करायला हवं.

फेंटानिल या ओपिऑइडला मात्र शेतच नाही. ते पूर्णपणे प्रयोगशाळेत होतं. त्याची दोन मुख्य प्रिकर्सर 2017 साली आंतरराष्ट्रीय यादीत आली. त्यानंतरही ती यादी वाढतेच आहे.

(दृश्य: रुग्णालयाचा वॉर्ड. निवेदन थांबतं. बारा सेकंद.)

1985 साली एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांवर नियंत्रण आणणारा कायदा आला. त्या वर्षी देशात औषध म्हणून शेकडो किलो मॉर्फिन वापरलं गेलं होतं. 1997 मध्ये फक्त 18 किलो. याच कायद्याच्या 2014च्या दुरुस्तीनं रुग्णालयांना लागणाऱ्या परवान्यांची गर्दी कमी केली.

(दृश्य: परिचारिकेचा हात, रजिस्टर.)

दहा मिलिग्रॅमची एक गोळी. तारीख, खाटेचा क्रमांक, सही. कपाटाला पुन्हा कुलूप.