उसवण्याचं सुख

(दृश्य: खिडकीच्या काचेवर दव. आत एकच दिवा. दिव्याखाली दोन सुया आणि लोकरीचा गुंडा.)

संध्याकाळ झाली न झाली तोच अंधार पडतो. अजून जेवायला वेळ आहे, झोपायला तर कितीतरी. बाहेर पडावंसं वाटत नाही आणि घरात बसून करायचं काय, तेही सुचत नाही. मग हात आपोआप फोनकडे जातो.

उत्तर गोलार्धात वर्षातला सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. पण त्या दिवसानंतर सकाळ लगेच लवकर व्हायला लागते, असं नाही. पहाटेचा अंधार जानेवारीतही काही दिवस रेंगाळतो, संध्याकाळ मात्र तोवर थोडी थोडी लांबायला लागलेली असते. पृथ्वीचा अक्ष कललेला, कक्षा किंचित लंबगोल, म्हणून आपलं घड्याळ आणि सूर्याचं घड्याळ तंतोतंत जुळत नाही. पांघरुणातून बाहेर यायचा कंटाळा येत असेल, तर दोष सगळा तुमचा नाही.

या लांबलचक रात्रींचं काय करायचं, एवढाच या फिल्मचा विषय. आणि सुरुवात माझ्या एका फजितीपासून.

(दृश्य: सुईवरचे टाके, अगदी जवळून.)

मी मफलर विणायला घेतला. सुईवर ३० टाके घातले. नवशिक्याला सांगतात तसं सगळं सुलट विणायचं ठरवलं. उजवी सुई टाक्यात घालायची, तिच्यावरून लोकर फिरवायची, नवा फासा अलगद ओढून घ्यायचा आणि जुना सोडून द्यायचा. बस, एवढंच. दहाव्या ओळीला सहज मोजले, तर टाके ३४. विसाव्या ओळीला ३९. मफलर पंख्यासारखा पसरत चालला होता आणि मी मात्र खुशीत होते, की काम किती भराभर वाढतंय!

चूक कुठे होती, ते पाहा. ओळ संपली की विणकाम फिरवून घेतात. फिरवल्यावर लोकर सुईच्या खालून मागे न्यायला हवी. मी ती वरून मागे टाकत होते. तसं केलं की पहिला टाका वर ओढला जातो, त्याचे दोन्ही पाय सुईवर येतात आणि एका टाक्याचे दोन दिसतात. मी दोन्हींत सुई घालत होते. प्रत्येक ओळीला नाही, अधूनमधून. म्हणून तर कळायला २० ओळी लागल्या.

मग सुई काढली आणि टोक ओढलं. सर्रर्र... दोन संध्याकाळचं काम अर्ध्या मिनिटात परत लोकर झालं.

वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मजा आली. दिवसभरात आपण जे जे करतो, त्यातलं किती उसवता येतं? पाठवलेला निरोप परत घेता येत नाही, बोललेला शब्द तर नाहीच. इथे मात्र ३० टाके पुन्हा घालायचे, की झालं. उसवलेली लोकर नागमोडी झालेली असते. तिची लड करून कोमट पाण्यात भिजवायची, पिळून टांगायची. वाळली की बऱ्यापैकी सरळ होते.

लोकरीला मुळातच वळण असतं. तिचा प्रत्येक तंतू बारीक लाटांसारखा वळलेला असतो, त्या वळणांत हवा अडकते आणि ऊब खरी त्या हवेची. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. हे वाचून माहीत असणं वेगळं आणि तासभर बोटांतून तिला जाऊ देणं वेगळं.

नवीन शिकणाऱ्यांना एकच सांगेन. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणली की कापड गुळगुळीत, देखणं होतं खरं, पण त्याच्या कडा गुंडाळत जातात. पहिल्या मफलरला सगळ्या ओळी सुलटच विणा. दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि मफलर पसरून ठेवला की सपाट राहतो.

(दृश्य: टेबलावर चित्रकोड्याचे तुकडे. एक हात निळे तुकडे बाजूला काढतोय.)

ज्यांना सुया झेपत नाहीत, त्यांच्यासाठी चित्रकोडं. ज्याला आपण सरळ जिगसॉ म्हणतो.

याची सुरुवात करमणूक म्हणून झालीच नव्हती. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशा कोरणाऱ्या कारागिराने नकाशे लाकडी फळीवर चिकटवले आणि देशांच्या सीमांवरून करवतीने कापले. मुलांनी ते जुळवावेत आणि जुळवता जुळवता भूगोल शिकावा, हा हेतू. म्हणजे आज विसाव्यासाठी आपण जे मांडून बसतो, तो मुळात गृहपाठ होता. पुढे १९३० च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेत या कोड्यांची लाट आली. पुठ्ठ्याची स्वस्त कोडी निघाली, वाचनालयातून पुस्तक आणावं तशी कोडी भाड्यानेही मिळायची. माणसांच्या हाताला काम नव्हतं आणि वेळ मात्र भरपूर होता.

बहुतेक जण आधी कडेचे तुकडे शोधतात. मी तसं करत नाही. मी आधी रंग वेगळे करते, कारण खरी लढाई आकाशाशी असते. घर, झाडं, माणसं पटापट जुळतात आणि शेवटी उरतो निळ्या तुकड्यांचा ढीग. सगळे सारखे. तिथे चित्र काही मदत करत नाही. मग तुकडे आकारावरून लावायचे: दोन खाचांचे इकडे, तीन खाचांचे तिकडे. याच टप्प्यावर डोकं खरं शांत होतं, कारण विचार करण्यासारखं काही उरतच नाही. उचलायचा, लावून पाहायचा, ठेवायचा.

जाता जाता एक गंमत. खोक्यावर १००० लिहिलेलं असतं, पण पुष्कळदा तुकडे त्याहून थोडे जास्त निघतात. २७ रांगा आणि प्रत्येकीत ३८ तुकडे अशी मांडणी सर्रास असते. गुणाकार करून पाहा, १०२६ येतात.

आणि पूर्ण झालेलं कोडं? दोन दिवस टेबलावर ठेवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाहवा करायची, मग मोडून खोक्यात. काही जण ते डिंकाने चिकटवून भिंतीवर लावतात. त्यांची हौस, पण माझं मन नाही होत.

वाचन, जुनी गाणी, वहीत चार ओळी लिहिणं, हेही आहेच. ते सांगायला फिल्म कशाला हवी? बुद्धिबळ मात्र मी या यादीत धरत नाही. खेळ उत्तम, पण हरल्यावर रात्रभर ती एक चाल डोक्यात घोळते.

(दृश्य: काळ्या कापडावर पडलेला हिमकण. हळूहळू वितळतो.)

जिथे बर्फ पडतो, तिथे एक वेगळाच छंद शक्य आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जेरिको नावाचं गाव आहे. तिथल्या विल्सन बेंटली या १९ वर्षांच्या शेतकऱ्याच्या मुलाने जानेवारी १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला आणि एका हिमकणाचा फोटो घेतला. थंडगार जागेत उभं राहून, श्वास रोखून, कारण श्वासाची ऊब लागली तरी कण गेला. पुढच्या आयुष्यात त्याने ५००० हून जास्त हिमकण टिपले. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीत बसतात, म्हणून कणाला सहा बाजू. पुढचा तपशील मात्र ढगातल्या वाटेवरचं तापमान आणि ओलावा ठरवतो आणि प्रत्येकाची वाट वेगळी. गडद लोकरी कापड बाहेर थंड होऊ द्या, त्यावर कण झेला आणि भिंगातून पाहा. मिनिटभर मिळेल, कदाचित तेवढंही नाही.

(दृश्य: गच्ची. दिवे बंद. आधी काहीच दिसत नाही, मग एक एक तारा.)

आता अंगावर जाड काहीतरी घ्या आणि बाहेर या. फोन आतच राहू द्या.

पहिली पाच मिनिटं निराशा होणार. मोजके तारे, बाकी काळोख. थांबा. अंधाराला डोळे पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. बाहुली लगेच मोठी होते, पण डोळ्याच्या आतल्या पडद्यावर अंधूक प्रकाशात काम करणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांना वेळ लागतो. मध्येच कुणी पांढरा दिवा लावला की सगळं पहिल्यापासून. आकाशनिरीक्षक टॉर्चवर लाल कागद बांधतात तो यासाठीच, लाल उजेडाने या पेशी फारशा दिपत नाहीत.

अर्ध्या तासाने तेच आकाश पाहा. मृग नक्षत्राचे चार कोपरे, मध्ये सरळ रेषेत तीन तारे, म्हणजे मृगाच्या पोटात घुसलेला बाण. बाणाची रेषा एका बाजूला वाढवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. दुसऱ्या बाजूला वाढवली की लालसर रोहिणी आणि तिच्यापुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिकांत तारे किती दिसतात, मोजा. सहा दिसले तर नजर चांगली.

व्याधाचा उजेड तुमच्या डोळ्यांत शिरतोय, तो ८.६ वर्षांपूर्वी निघालेला. मृगातला तांबूस तारा काक्षी २०१९ च्या अखेरीस एवढा मंदावला, की नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांनाही फरक कळला. काही महिन्यांत तो पुन्हा पूर्ववत झाला. ताऱ्यानेच बाहेर टाकलेली धूळ आड आली होती. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून येणाऱ्या उल्कांसाठी जागायला हरकत नाही. उल्का टिपायला दुर्बीण लागत नाही, सतरंजी लागते.

दक्षिण गोलार्धात हिवाळा जूनमध्ये सुरू होतो. तिथे डोक्यावर मृग नसतो, वृश्चिकाचा लांब आकडा आणि त्यातली लाल ज्येष्ठा असते. वृश्चिक उगवतो तेव्हा मृग मावळायला आलेला असतो.

(दृश्य: तीच खिडकी. काचेवर दव नाही.)

तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात. म्हणजे महिन्याला दोन तास. डिसेंबरच्या संध्याकाळी पूर्वेला उगवणारा मृग मार्च सरता सरता दिवेलागणीला पश्चिमेकडे झुकलेला दिसतो.

माझा मफलर त्याच सुमारास पूर्ण झाला. टाके शेवटपर्यंत ३० च राहिले. गळ्याभोवती गुंडाळला, आरशात पाहिलं, आणि दहा मिनिटांत घाम फुटला.