धुराड्यातलं पाणी

नमस्कार, श्रोतेहो.

फायरप्लेस पेटवली आणि धूर वर जायचा सोडून खोलीत शिरला, की माणूस काय करतो? खिडकी उघडतो, डोळे चोळतो आणि लाकडाला शिव्या देतो. गंमत अशी, की ती शिवी बऱ्याचदा योग्य जागी पडलेली असते.

भिंतीत बांधलेली ही शेगडी आणि तिचं धुराडं कसं सांभाळायचं, बिघडलं तर कसं दुरुस्त करायचं, ते आज सांगणार आहे. पण आगीबद्दल कमी बोलेन, पाण्याबद्दल जास्त. आग सोसायलाच तर धुराडं बांधलेलं असतं. त्याला खातं ते पाणी. लाकडातलं पाणी खालून चढतं, पावसाचं वरून उतरतं, आणि तिसरं पाणी आपणच दुरुस्तीच्या नावाखाली विटांमध्ये कोंडून ठेवतो.

आधी खालचं पाणी. नुकत्याच तोडलेल्या ओंडक्याच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. असा ओंडका आगीत टाकला, की आग आपल्याला ऊब देण्याआधी ते पाणी उकळत बसते. आणि पाण्याची वाफ करणं भारी महागात पडतं. शून्य अंशाचं पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच पाण्याची पुढे वाफ करायला लागते. म्हणजे लाकूड जळतं, पण खोली गारच. आग धुमसत राहते आणि धूर अर्धवट जळलेला, थंडावलेला असा वर निघतो.

हा धूर नळ्यातून, म्हणजे धुराड्याच्या आतल्या पोकळ वाटेतून, चढताना आतल्या भिंतीला लागतो. ती भिंत साधारण १२० अंश सेल्सिअसहून गार असली, की धुरातले डांबरासारखे पदार्थ तिथेच चिकटतात. थंडीत खिडकीच्या काचेवर दव धरतं ना, तसंच. या थराला क्रिओसोट म्हणतात. सुरुवातीला तो काजळीसारखा भुसभुशीत असतो, ब्रश फिरवला की झडतो. पुढे त्याच्या काळ्या, कडक खपल्या होतात. त्याही जोर लावला की निघतात. त्यानंतर मात्र तो वितळून थिजल्यासारखा दिसतो, काळ्या काचेसारखा चकाकतो. तिथे साध्या ब्रशचं काही चालत नाही. असा चकाकता थर दिसला तर फायरप्लेस बंद ठेवा आणि धुराडी साफ करणाऱ्या जाणकाराला बोलवा. त्याच्याकडे त्यासाठी वेगळी अवजारं आणि रसायनं असतात.

भुसभुशीत थर किती साठला, हे घरच्या घरी कळतं. आग पूर्ण विझलेली असताना आगीच्या वरची, धुराड्याची वाट उघडबंद करणारी झडप उघडा, टॉर्च लावून वर बघा आणि लांब सळईच्या टोकाने भिंतीवर ओरखडा काढा. थर ३ मिलिमीटर झाला असेल तर सफाईची वेळ झाली. त्याहून कमी असला तरी वर्षातून एकदा तपासणी व्हायलाच हवी. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं २११ क्रमांकाचं मानक हेच सांगतं, मग तुम्ही वर्षभरात दहा वेळा पेटवा नाहीतर शंभर वेळा.

पण सफाईपेक्षा लाकूड वाळवणं सोपं. ओंडके फोडून ठेवा, कारण सालीच्या आतलं पाणी फोडल्याशिवाय लवकर निघत नाही. रचताना जमिनीपासून उचलून रचा, वरून झाका, बाजू मोकळ्या ठेवा. पुष्कळ लोक चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळतात आणि आतल्या आत लाकडाला बुरशी आणतात. मऊ लाकडाला निदान सहा महिने द्या, टणक लाकडाला वर्ष, कधी दोन वर्षं. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना तडे जातात, साल सुटायला लागते, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर ठणठण वाजतात. ओलं लाकूड नुसतं ‘थप्प’ करतं. ओल मोजायचा मीटर असेल तर ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर टेकवा. बाहेरून मोजलं तर मीटर तुम्हाला खूश करेल, एवढंच. आकडा २० टक्क्यांच्या खाली हवा.

आणि हो, अगदी कोरडं लाकूडही पाणी सोडतं. लाकडातला हायड्रोजन जळला की त्याचं पाणी होतं; एक किलो कोरड्या लाकडामागे अर्ध्या किलोच्या आसपास. म्हणून नळा गरम हवा. गरम असला तर ही वाफ बाहेर जाते, गार असला तर आतच गळते. रात्रभर आग दाबून, धुमसत ठेवायची सवय मला म्हणूनच आवडत नाही. लाकूड वाचल्यासारखं वाटतं आणि ते सगळं नळ्याला चिकटतं. छोटी पण लख्ख पेटलेली आग बरी.

आता सुरुवातीचा धूर. लाकूड कोरडं असूनही धूर खोलीत येत असेल, तर पहिल्यांदा झडप बघा. हसू नका, बंद झडपेखाली भलेभले आग पेटवतात. झडप उघडी असेल, तर नळ्यात थंड हवेचा खांब बसलेला असू शकतो. जड, गार हवा खाली रेटते आणि धुराला वाट देत नाही. वर्तमानपत्राची सुरळी पेटवून झडपेजवळ मिनिटभर धरली की तो खांब हलतो. एखादी खिडकी किंचित उघडा आणि घरातला एक्झॉस्ट फॅन बंद करा, कारण तो धुराड्यातूनच हवा खाली ओढत असतो. एवढं करूनही रोज तेच होत असेल, तर दोष बांधकामात आहे. नळ्याचं क्षेत्रफळ शेगडीच्या तोंडाच्या क्षेत्रफळाच्या साधारण दहाव्या ते बाराव्या भागाएवढं लागतं. आगीच्या वरचा गळाही अरुंद हवा. उष्णतेचा अभ्यास करणाऱ्या काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञाने १७९६ साली लिहून ठेवलंय, की गळा चार इंचांपर्यंत आवळा आणि शेगडी उथळ करा. त्याआधीच्या फायरप्लेस म्हणजे नुसती भुयारं होती. ऊब आभाळाला आणि धूर माणसाला.

आता वरचं पाणी. धुराड्याच्या तोंडावर जाळीची टोपी नसेल तर पाऊस सरळ आत पडतो, झडप गंजते, आणि क्रिओसोट भिजून पावसाळ्यात खोलीभर जळका, आंबूस वास सुटतो. टोपीला जाळी हवीच, नाहीतर चिमणीत चिमणीच घरटं करायची! घरटं नळा बुजवतं, आणि धुराला वाट राहिली नाही की प्रश्न नुसत्या वासाचा राहत नाही. त्याकडे पुढे येते.

टोपीखाली माथ्यावर सिमेंटचा उतार असतो. त्याला केसाएवढी भेग पडली तरी पाणी शिरतं, आणि जिथे गोठण्याएवढी थंडी पडते तिथे हे पाणी बर्फ होताना जवळपास ९ टक्के फुगतं. वीट आतून फुटते आणि तिचा दर्शनी पापुद्रा सुटून पडतो. या उताराच्या कडा भिंतीबाहेर थोड्या आलेल्या असाव्यात आणि खालून खाच असावी, म्हणजे पागोळ्या भिंतीवर न ओघळता बाहेर पडतात. भेगा बारीक असतील तर लवचिक लेप चालतो. उतारच खिळखिळा झाला असेल तर तो तोडून नवा करा. लेपावर लेप म्हणजे फक्त पैसे खर्चण्याचं समाधान. छप्पर आणि धुराडं जिथे मिळतात तिथला पत्राही बघून घ्या. धुराड्याजवळ छताला पिवळे डाग पडले, की लोक कौलं बदलत बसतात आणि पाणी मात्र त्या पत्र्याच्या सुटलेल्या कडेतून येत असतं.

तिसऱ्या पाण्याबद्दल मला जरा तळमळीने बोलायचंय, कारण हे नुकसान चांगल्या हेतूने होतं. जुन्या धुराड्याच्या दर्जा, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या फटी, झिजल्या, की गवंडी येतो आणि त्या सिमेंटने कडक भरून देतो. पाहायला सुरेख. पण जुन्या मऊ विटांच्या भिंतीतली ओल चुन्याच्या दर्जांमधून बाहेर पडत असते. ती वाट सिमेंटने बंद केली, की ओल विटेतून निघायला बघते. मग विटांवर लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, येतो, त्या पोपडतात, आणि शेवटी सिमेंटची जाळी तेवढी ताठ उभी राहते, मधल्या विटा खाल्लेल्या. दर्ज विटेपेक्षा मऊच हवी. झिजायचं तर तिने झिजावं, ती पुन्हा भरता येते. म्हणून जुन्या कामाला चुन्याचाच माल वापरा. सुटा झालेला माल निदान २० मिलिमीटर खोल खरवडा, धूळ झाडा, दर्जा ओलसर करा आणि मग करणीने दाबून थराथराने भरा. पाणी अडवायला बाहेरून रंग फासू नका. विटेला श्वास घेऊ देणारं सिलेनचं द्रावण मिळतं, तेच लावा, तेही भिंत दुरुस्त होऊन वाळल्यावर.

आगीच्या पेटीत मात्र चुनाही नको आणि साधं सिमेंटही नको. ४०० अंशांच्या पुढे सिमेंटमधल्या चुन्यातलं पाणी उडून जातं, आणि नंतर हवेतली ओल लागली की तो फुगून भुगा होतो. तिथे अग्निरोधक विटा आणि अग्निरोधक मसालाच लागतो, दर्जही बारीक ठेवायची. काम झाल्यावर मोठी आग लगेच पेटवू नका. डब्यावर लिहिलं असेल तितका वेळ वाळू द्या, मग आधी छोट्या आगी.

सफाई स्वतः करणार असाल तर मास्क आणि हातमोजे घाला. धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचं कारण काजळी आहे, हे पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ सालीच दाखवून दिलं होतं. राख झाकणाच्या धातूच्या डब्यात भरा आणि तो डबा घराबाहेर, लाकडी जमिनीपासून लांब ठेवा. राखेखालचा निखारा काही दिवससुद्धा जिवंत राहू शकतो.

मघाशी बुजलेल्या नळ्याचं अर्धवट राहिलं होतं. धुराला वाट मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं, आणि माणूस ‘जरा पडतो’ म्हणून झोपून जातो. फायरप्लेस असलेल्या घरात, विशेषतः झोपायच्या खोल्यांजवळ, त्याचा अलार्म हवाच. तो वाजला तर कारण शोधत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच मदतीला फोन करा.

आणि कधी नळ्यातून रेल्वे धडधडत गेल्यासारखा आवाज आला, तर क्रिओसोट पेटलंय असं समजा. आतलं तापमान १००० अंशांच्या वर जाऊ शकतं. घरातल्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा. फायरप्लेसला काचेचं दार असेल आणि ते सहज बंद करता येत असेल, तर जाता जाता करा, म्हणजे आगीची हवा तुटते. पाणी मात्र ओतू नका. तापलेल्या विटांवर आणि नळ्यावर ते पडलं, तर त्या तडकतात आणि वाफ तोंडावर येते. विझल्यावर नळ्यात कॅमेरा सोडून आतल्या भेगा तपासून घेईपर्यंत तिथे काडीही पेटवायची नाही.

नमस्कार.