उन्हातली बाग भिंतीवर आणताना

मंडळी, जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला तुमच्यातले बरेच जण कॅमेरा घेऊन जातात. त्यातला एखादा फोटो चित्रासारखा करून मोठा छापावा, ही हौस मला आवडते. फक्त फोटो-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधलं ‘ऑइल पेंट’चं बटण दाबून मोकळं होऊ नका, एवढं सांगायला आलोय.

चित्राचा भास देणारा एक जुना फिल्टर आहे, कुवाहारा नावाचा. १९७६ साली तो जपानी संशोधकांनी हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमा स्वच्छ करायला बनवला. गंमत बघा, कुठे हृदय आणि कुठे आपला गुलाब! प्रत्येक पिक्सेलभोवतीच्या जागेचे तो चार चौकोन करतो आणि ज्या चौकोनात उजेडाचा चढउतार सगळ्यांत कमी, त्याची सरासरी तिथे भरतो. म्हणून कडा शाबूत राहतात आणि पानांचा पसारा रंगाच्या डागांत विरघळतो. पण त्याला गुलाब आणि मागची कुंपणाची जाळी सारखीच. चित्रकार जाळी रंगवायचा कंटाळा करतो, आणि तो कंटाळाच आपल्याला हवाय.

आता हिशेब. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. तो ४० इंची छापला तर इंचाला १५० पिक्सेल पडतात. सहा फुटांवरून बघायला तेवढे पुरतात. पण फिल्टरने उमटवलेला ब्रशचा पंधरा पिक्सेलचा फटकारा कागदावर इंचाचा जेमतेम दहावा भाग होतो. स्क्रीनवर फोटो मोठा करून बघताना तो झकास दिसतो, भिंतीवर मात्र नुसता धूसर फोटो लागतो. म्हणून फटकारा इंचांत ठरवा. फुलांवर पाव इंच, म्हणजे चाळीसेक पिक्सेल. मागच्या झाडीत खुशाल दोन इंच, म्हणजे तीनशे. फोटोचे वेगवेगळे थर (लेयर) करायचे आणि मास्क, म्हणजे थराचा नको तो भाग झाकणारा पडदा, लावून हवा तो थर हवा तिथे उघडायचा. वेळ जातो, जाऊ द्या.

खरी परीक्षा उन्हाची. झाडाखालचे कवडसे गोल असतात, कारण पानांमधली प्रत्येक फट सुईच्या छिद्राच्या कॅमेऱ्यासारखी सूर्याचीच प्रतिमा जमिनीवर पाडते. फोटोत हे कवडसे पांढरेफटक जळाले, तर तिथे फटकारा उमटायला काही उरतच नाही. कॅनव्हासवर कोरी भोकं दिसतात. तेव्हा फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढा आणि एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, कवडशावर बेता. त्यातूनही जळलेच, तर तिथे फिकट साईचा रंग हाताने भरा.

मोकळ्या जागेतल्या सावलीवर थेट ऊन नसतं, तिथे निळ्या आकाशाचा उजेड पोचतो. त्यामुळे ती निळसर जांभळी असते. इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी ती तशीच रंगवली आणि त्या काळी टीकाही ओढवून घेतली. तुम्ही मात्र व्हाइट बॅलन्स (रंगांचा निळा-पिवळा तोल) ओढून ती करडी करता! असू द्या ना निळी. तिच्या शेजारीच ऊन पिवळं वाटतं.

छापायच्या आधी छपाईवाल्याकडून त्याच्या कॅनव्हासचं प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल, मागा आणि सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापील रंगांचा स्क्रीनवरचा अंदाज, बघा. झेंडूचा केशरी आणि बोगनवेलीचा गुलाबी रंग स्क्रीनइतका झळाळत नाही. मॅट कॅनव्हासवर काळाही फिका पडतो आणि सावलीतला तपशील बुजतो, म्हणून सावल्या आधीच थोड्या उचला. कॅनव्हास चौकटीवर गुंडाळणार असाल तर चारी बाजूंना दीड-दोन इंच जादा चित्र ठेवा, नाहीतर कडेचं फूल वळून मागे जातं. आणि सगळं चित्र छापण्याआधी कवडसा, फूल आणि सावली तिन्ही येतील अशी एक पट्टी पूर्ण आकारात छापून घ्या. ती जिथे चित्र लागणार त्याच भिंतीला चिकटवा, दिवसाही बघा आणि रात्री दिव्यातही.