"तो तुमच्याशी काय बोलला?"

(दृश्य: कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांना सल्ला देणाऱ्या समाजकार्यकर्तींचा प्रशिक्षणवर्ग. दोन विद्यार्थिनी एकमेकींकडे पाठ करून बसल्या आहेत. दोघींच्या कानाला फोन.)

"मॅडम, आमच्या विभागातला तो मुलगा येऊन गेला ना तुमच्याकडे? काय म्हणाला? पितोय ना?"

फोनवरचे 'साहेब', म्हणजे त्या मुलाचे वरिष्ठ, झाली आहे वर्गातलीच एक मुलगी. उत्तर देणारी चाचरते. "हो सर... म्हणजे, घरचंही थोडं आहे." शिक्षिका तिथंच थांबवतात. एका वाक्यात तीन गोष्टी फुटल्या: तो आला होता, तो पितो आणि घरी काहीतरी बिनसलंय.

पुन्हा फोन. आता उत्तर बदलतं. "सर, कोण आलं, कोण नाही, हे मी सांगू शकत नाही. त्याच्या कामात तुम्हाला काय खटकतंय ते सांगा. त्याच्याशी कसं बोलायचं, ते आपण ठरवू." साहेब चिडतात. चिडू देत.

कर्मचारी साहाय्य कार्यक्रम, म्हणजे ईएपी, चालवायला पैसे देते कंपनी. सल्ला मिळतो कर्मचाऱ्याला, तोही मोफत आणि गोपनीय. मग समाजकार्यकर्ती नेमकी कोणाची? या प्रशिक्षणातला सगळ्यात अवघड धडा हाच, आणि तो पुस्तक वाचून येत नाही.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. कारखाने, बंदर, खलाशी.)

या कामाची सुरुवात दारूपासून झाली. 1940च्या दशकात अमेरिकेतल्या काही कंपन्यांनी व्यसनी कामगाराला काढून टाकण्याऐवजी उपचाराला पाठवायला सुरुवात केली. त्याच दशकात बर्था रेनॉल्ड्स ही समाजकार्यकर्ती खलाशांच्या युनियनमध्ये काम करत होती. 1971 मध्ये या क्षेत्रातल्या लोकांची व्यावसायिक संघटना उभी राहिली. दारूबरोबर कर्ज, घटस्फोट, नैराश्य, आजारी आईवडील असे प्रश्नही येऊ लागले आणि 1989 मध्ये संघटनेनं नावातून दारू काढून टाकली.

एक जुना नियम मात्र टिकला. वरिष्ठानं निदान करायचं नाही, काम बघायचं. "तू पितोस" असं म्हणायचं नाही. "या महिन्यात चार वेळा उशीर झाला, दोन ऑर्डर चुकल्या" एवढंच बोलायचं. हे वरिष्ठांना शिकवणं हेही समाजकार्यकर्तीचंच काम.

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून आलेल्यांची अर्धी तयारी झालेली असते. माणसाकडे त्याच्या घरासकट, पैशासकट, नात्यांसकट बघायची त्यांना सवय असते. अडतं ते दुसरीकडे. शिस्तभंगाची चौकशी कशी चालते, युनियनचा प्रतिनिधी कधी सोबत असतो, रजेचे नियम काय, हे माहीत नसेल तर सल्ला हवेतच राहतो. शिवाय वेळ कमी. बहुतेक ठिकाणी एका प्रश्नासाठी तीन ते आठ भेटी मिळतात. बालपणापासून सुरुवात करायला सवड नाही.

म्हणून हत्यारंही छोटी. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी आहे. 40 पैकी 8 किंवा जास्त गुण आले, तर धोक्याची शक्यता धरून पुढची चौकशी करायची. आणि एक साधा प्रश्न: "शून्य ते दहामध्ये आज तुम्ही कुठे आहात?" कोणी "तीन" म्हटलं, की नवखी विचारते, "इतकं कमी का?" मुरलेली विचारते, "शून्य का नाही?" मग माणूस आपल्याला अजून काय जमतंय ते सांगू लागतो.

कारखान्यात अपघात झाला, की सगळ्यांना गोल बसवून तो प्रसंग पुन्हा सांगायला लावायचा, अशी पद्धत बराच काळ होती. जागतिक आरोग्य संघटना आता तिची शिफारस करत नाही. आधी सुरक्षितता, पाणी, घरच्यांना फोन. बोलायचं असेल त्यानं बोलावं.

(दृश्य: टेबलावर अहवालाचा कच्चा मसुदा, त्यावर लाल पेन.)

शेवटचा सराव कागदावरचा. कंपनीला तिमाही अहवाल द्यायचा असतो, नावांशिवाय. मसुद्यात ओळ आहे: "लेखा विभाग, महिला 1, वैवाहिक समस्या." त्या विभागात महिला आहेत दोनच. शिक्षिका ओळ खोडतात.

"मग कंपनीला दाखवायचं काय?" मागून प्रश्न येतो.

"चार छोटे विभाग एकत्र करा. तरी आकडा लहान राहिला, तर तो रकाना रिकामा सोडा. आणि का सोडला, हे विचारायला एचआरचा फोन येईल. त्याचं उत्तर आत्ताच लिहून काढा."