डोंगर गेला कुठे?

(दृश्य: वरून दिसणारं गोल, गर्द निळं तळं. संगीत नाही. फक्त वारा.)

१८८६चा उन्हाळा. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, एका तळ्याच्या मधोमध, लाकडी नावेत बसलेली माणसं पाण्यात तार सोडताहेत. पियानोची तार, टोकाला वजन. पाचशे फूट तार गेली, हजार गेली, दीड हजार गेली, तरी वजन टेकायचं नाव घेईना. ही नाव म्हणजे ‘क्लीटवूड’. उभ्या कड्यावरून दोरांनी सरकवत ती खाली पाण्यापर्यंत आणली होती. भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांच्या या तुकडीने १६८ ठिकाणी तार सोडली आणि सर्वांत खोल जागेचा आकडा लिहून ठेवला : १,९९६ फूट. म्हणजे ६०८ मीटर.

२००० साली ध्वनिलहरी सोडून सगळा तळ मोजला, तेव्हा उत्तर आलं ५९४ मीटर. वल्ह्यांची नाव आणि पियानोची तार घेऊन निघालेली माणसं चुकली ती अवघ्या चौदा मीटरनी.

हे क्रेटर लेक. अमेरिकेतलं सर्वांत खोल तळं. एकही नदी त्यात येऊन मिळत नाही, एकही त्यातून बाहेर पडत नाही. मग डोंगराच्या माथ्यावर एवढा खोल खड्डा आला कुठून?

(दृश्य: कड्यांची कड, सावकाश फिरणारा कॅमेरा.)

ज्वालामुखी म्हटलं की डोळ्यांसमोर सुरुंगच येतो. प्रचंड धमाका, डोंगराच्या ठिकऱ्या, आणि मागे उरलेला खड्डा. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी इथे माझामा नावाचा पर्वत होता, अंदाजे ३,७०० मीटर उंच. त्याचा माथा आज नाही. तो उडाला असेल, असं वाटणं साहजिक आहे.

पण उडाला, तर पडला कुठे?

भूवैज्ञानिक जे. एस. डिलर यांना हाच हिशेब जुळेना. माथा उडाला असता, तर जुन्या, थंड, टणक खडकाचे ढीग आजूबाजूला सापडायला हवेत. सापडते ती मुख्यतः ताजी राख आणि प्यूमिस, म्हणजे वायूच्या बुडबुड्यांनी भरलेला, पाण्यावर तरंगणारा हलका दगड. तो तर खोलातल्या शिलारसाचा, म्हणजे वितळलेल्या खडकाचा फेस. जुना डोंगर त्यात जवळजवळ नाहीच. १९०२ साली डिलर यांनी मांडलं, की डोंगर बाहेर उडाला नाही, आत कोसळला. १९४२ मध्ये हॉवेल विल्यम्स यांनी हा मुद्दा पक्का केला.

उत्तरेच्या कड्यावर एक पुरावा आहे, तो मला सगळ्यांत आवडतो. लाव्हाचा एक जाड ओघ महास्फोटाच्या थोडाच आधी इथून बाहेर पडला होता. तो वरून थिजला होता, पोटात अजून मऊच होता. जमीन खचली, त्याची एक बाजू उघडी पडली, आणि आतला लाव्हा उलटा फिरून नव्या खड्ड्यात ओघळला. तो ओघळ तसाच गोठलेला आजही कड्यावर दिसतो.

(दृश्य: आडवा छेद दाखवणारं रेखाचित्र. डोंगर, त्याखाली शिलारसाचा साठा.)

घडलं ते असं. डोंगराखाली काही किलोमीटरवर शिलारसाचा मोठा साठा होता, त्यात पाणी आणि वायू विरघळलेले. एका तोंडातून तो सुटला. दाब उतरताच विरघळलेला वायू फसफसून बाहेर आला आणि राखेचा खांब आकाशात सुमारे ५० किलोमीटर चढला. साठा रिकामा होऊ लागला. डोंगराला खालून तोलून धरणारा होता तो हाच शिलारस. आधार गेला, छताला गोल भेगा पडल्या, छत आपल्याच वजनाने खाली बसू लागलं. बसताना त्याने उरलेला शिलारस दाबला, आणि तो चहूबाजूंच्या भेगांमधून उसळला. तापलेली राख आणि दगड डोंगरउतारांवरून दूरवर धावत गेले. एकूण सुमारे ५० घन किलोमीटर शिलारस बाहेर आला. मागे उरला आठ-दहा किलोमीटर रुंदीचा खळगा.

अशा खचलेल्या खळग्याला कॅल्डेरा म्हणतात. मूळ शब्द स्पॅनिश, अर्थ हंडा किंवा मोठी कढई. क्रेटर म्हणजे ज्वालामुखीचं नुसतं तोंड. तेव्हा क्रेटर लेक हे नाव मुळातच चुकलेलं आहे. पण पाट्या लागल्या, नकाशे छापले गेले. आता कोण बदलणार!

हे सगळं पाहणारी माणसं होती का? या परिसरात होती, एवढं नक्की. फोर्ट रॉक इथल्या गुहेत माझामाच्या राखेच्या थराखाली झाडाच्या सालीपासून विणलेल्या चपला सापडल्या. आणि इथले मूळ रहिवासी असलेल्या क्लॅमथ लोकांच्या कथेत पाताळाचा स्वामी लाओ आणि वरच्या जगाचा स्वामी स्केल यांचं युद्ध होतं. लाओ हरतो, जमिनीखाली लोटला जातो, आणि त्याच्यावर डोंगर कोसळतो. कोसळतो. कथेतला डोंगरही उडत नाही.

(दृश्य: बर्फाच्या भिंती, वितळतं पाणी.)

आता पाणी. खळग्याचा तळ सुरुवातीला धगधगता होता. तो निवत गेला, आणि वरून पाऊस आणि बर्फ पडत राहिलं. खळगा भरायला साधारण ७०० ते ७५० वर्षं लागली. काठोकाठ मात्र तो कधीच भरला नाही. वर बाष्पीभवन, आणि एका बाजूच्या भिंतीत पाणी झिरपू देणारा खडकांचा थर. पातळी त्या थरापर्यंत चढली आणि जमाखर्च जुळला. नदी नाही म्हणून गाळ नाही, गाळ नाही म्हणून हा निळा रंग.

(दृश्य: सुमात्रातलं टोबा सरोवर, मध्ये सामोसिर बेट.)

माझामा लहान वाटावा असं उदाहरण इंडोनेशियात आहे. टोबा. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा उद्रेक, १०० किलोमीटर लांब आणि ३० किलोमीटर रुंद सरोवर, खोली ५०० मीटरच्या आसपास. मधलं सामोसिर बेट म्हणजे खचलेला तळच. खालून पुन्हा शिलारस चढला आणि त्याने तळ वर उचलला.

शिलारस नेहमी डोंगराच्या तोंडातूनच निघतो असंही नाही. १९१२ साली अलास्कात स्फोट झाला नोवारुप्ता इथे, आणि खचला दहा किलोमीटर दूरचा कटमाई पर्वत. साठा कटमाईखालून आडवाच निसटला होता. कटमाईच्या खळग्यात आज तळं आहे.

छोटी तळी वेगळ्या रीतीने होतात. वर येणारा शिलारस भूजलाला भिडला, की पाण्याची क्षणात वाफ होते आणि जमीन फुटते. हा मात्र खरोखरचा सुरुंग. अशा खड्ड्याला ‘मार’ (maar) म्हणतात. कॅमेरूनमधलं २०८ मीटर खोल न्योस तळं असंच. १९८६ मध्ये त्याच्या तळाशी साचलेला कार्बन डायऑक्साइड एका रात्री उसळून बाहेर आला आणि सुमारे १,७०० माणसं गुदमरून गेली.

(दृश्य: किलाउएया, हवाई. हेलिकॉप्टरमधून.)

खचणं आणि भरणं, दोन्ही माणसाने पाहिलं ते हवाईत. २०१८ साली किलाउएया या ज्वालामुखीचा शिलारस डोंगराच्या पायथ्याशी वाहून गेला आणि माथा महिनोन्महिने टप्प्याटप्प्याने खाली बसत राहिला. तळ भूजलाच्या पातळीखाली गेला. जुलै २०१९ मध्ये तिथे हिरवट पाण्याचं डबकं दिसलं. वाढत वाढत ते सुमारे ५० मीटर खोल झालं. २० डिसेंबर २०२०च्या रात्री खालून लाव्हा आला. वाफेचा ढग उठला, आणि सकाळी तिथे पाण्याच्या जागी लाव्हाचं तळं होतं.

(दृश्य: पुन्हा निळं पाणी. कॅमेरा खाली उतरतो. काळोख.)

क्रेटर लेकचा तळ इतका तापट नाही. पण १९८०च्या दशकाच्या अखेरीस एक माणूस बसेल एवढी छोटी पाणबुडी तिथे उतरली, तेव्हा दिव्याच्या उजेडात जीवाणूंचे जाड थर दिसले. भोवतालचं पाणी साडेतीन-चार अंश सेल्सिअस. थरांच्या आत तापमापी खुपसली. काटा १९ वर गेला.